एक मिनिट, एक उतारा आणि पाच विद्यापीठं

तिसरीतली मुलगी उतारा वाचते आहे. ‘आजीने अंगणात’ इथवर नीट येते, ‘तुळशीला’पाशी अडखळते, ‘तु... तुळ...’ करत थांबते आणि पुढचं ‘पाणी घातले’ मात्र एका दमात म्हणून टाकते, कारण वाक्य कुठे चाललंय ते तिला कळलेलं असतं. हिचं नेमकं अडलंय कुठे? मानसशास्त्रज्ञ स्मरणशक्तीच्या चाचण्या काढेल. भाषेचा अभ्यासक तिला ध्वनी वेगवेगळे ऐकू येतात का ते तपासेल. वर्तनाचा अभ्यासक म्हणेल, आधी तिचं लक्ष किती वेळ टिकतं ते बघू. अध्यापनशास्त्रवाला म्हणेल, मुलीचं राहू द्या, तिला शिकवलं कसं ते दाखवा. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मुलगी मात्र ‘तुळशीला’पाशीच उभी.

मागे पडणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठांतल्या संशोधन केंद्रांनी एकत्र यावं असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा अडचण नेमकी ही असते. प्रत्येक केंद्राकडे उत्तराचा एकेक तुकडा असतो, पण तुकडे जुळायला लागणारी समान मोजपट्टी नसते. अमेरिकेत हा प्रयोग जवळपास पन्नास वर्षं चाललाय. त्यात काय जमलं आणि काय फसलं, हे पाहिलं की अशा सहकार्याचं यंत्र आतून कसं चालतं ते कळतं.

पाच संस्था, पाच तुकडे

१९७५ साली अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक, डोळे-कान ठीक, शाळाही मिळालेली, तरीही वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही, ही त्यात स्वतंत्र गट म्हणून आली. ती ओळखायची कसोटी १९७७ च्या नियमांनी दिली: बुद्धीची क्षमता आणि शाळेतली कामगिरी यांत मोठी तफावत. कागदावर कसोटी नेटकी होती, पण मुलाला उद्या सकाळी काय शिकवायचं याबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती.

१९७७ सालीच केंद्र सरकारच्या पैशांतून पाच विद्यापीठांत अध्ययन अक्षमतेच्या संशोधन संस्था सुरू झाल्या आणि विषयांची वाटणी झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं टीचर्स कॉलेज मुलं वाचताना-लिहिताना माहिती डोक्यात कशी हाताळतात ते बघणार होतं. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाकडे या मुलांचं सवंगड्यांशी नातं आणि स्वतःच्या अपयशाचं ती काय कारण देतात, हा भाग होता. ‘मला हे जमणारच नाही’ असं एकदा ठरवलं की मूल प्रयत्नच सोडतं, आणि मग शिकवणारा कितीही चांगला असला तरी पालथ्या घड्यावर पाणी.

व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनिअल हॅलहन आणि सहकाऱ्यांनी लक्ष या विषयावर काम केलं. त्यांची एक युक्ती अजूनही वापरण्याजोगी आहे. टेपरेकॉर्डरवर कमी-जास्त अंतराने ‘टुंग’ असा आवाज वाजायचा. आवाज झाला की मुलाने मनाशी विचारायचं, ‘माझं लक्ष होतं का?’ आणि समोरच्या कागदावर ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करून पुन्हा कामाला लागायचं. बक्षीस नाही, रागावणं नाही. फक्त या खुणा करण्यानेच कामात टिकून राहण्याचा वेळ वाढताना दिसला. अंतर मुद्दाम अनियमित ठेवायचं, कारण ठरावीक वेळाने वाजलं तर मूल कामापेक्षा आवाजाचीच वाट बघतं. मोबाइलवर हे पाच मिनिटांत जमवता येतं. ज्याला मुळात तो मजकूर वाचताच येत नाही त्याला मात्र याचा उपयोग नाही, कारण तिथे लक्ष नाही, कौशल्य कमी पडतंय.

कॅन्सस विद्यापीठाने मोठी मुलं घेतली. सहावी-सातवीच्या पुढच्या मुलाला पुन्हा पहिलीचं पुस्तक देता येत नाही, म्हणून डोनाल्ड डेशलर आणि सहकाऱ्यांनी त्यांना अभ्यास करण्याच्या रीतीच शिकवल्या. परिच्छेद वाच, यातली मुख्य गोष्ट कोणती ते स्वतःला विचार, आणि ती आपल्या शब्दांत सांग, ही तीन पावलांची रीत त्यांपैकीच. वाचायला सोपी वाटते. शिकवायला मात्र आठ टप्पे लागतात: आधीची चाचणी, रीत समजावणं, शिक्षकाने मोठ्याने विचार करत करून दाखवणं, पावलं तोंडपाठ करणं, सोप्या मजकुरावर सराव, इयत्तेच्या मजकुरावर सराव, नंतरची चाचणी, आणि इतर विषयांत वापर. शाळा बहुतेक वेळा शेवटचा टप्पा गाळतात. मग मूल भाषेच्या तासाला ती रीत वापरतं आणि इतिहासाच्या तासाला पुन्हा कोरं.

पाचवी संस्था मिनेसोटा विद्यापीठाची. तिच्याकडे निर्णय हा विषय होता: कोणत्या मुलाला खास मदत द्यायची हे ठरतं कसं, आणि दिलेली मदत लागू पडतेय हे कळतं कसं. जेम्स यसेल्डाइक आणि सहकाऱ्यांनी ‘अध्ययन अक्षम’ ठरलेली मुलं आणि फक्त अभ्यासात कच्ची ठरलेली मुलं यांचे चाचण्यांमधले गुण शेजारी मांडले. दोन गट इतके एकमेकांत मिसळलेले निघाले की गुण बघून कोण कुठल्या गटातलं हे सांगणं कठीण. तफावतीची कसोटी इथे पहिल्यांदा गोत्यात आली.

वाटणी उत्तम होती, तरी एक दुखणं राहिलं. एका केंद्राचा ‘अध्ययन अक्षम’ मुलगा दुसऱ्या केंद्रात त्या गटात बसेलच असं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बार्बरा किओ यांनी म्हणूनच सुचवलं की प्रत्येक संशोधकाने आपल्या नमुन्यातल्या मुलांबद्दल काही ठरावीक माहिती, एकाच साच्यात, द्यावीच. सूचना रुक्ष आहे आणि ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण दोन केंद्रांचे निष्कर्ष एकमेकांशी बोलायचे असतील तर सुरुवात तिथूनच होते.

एक मिनिटाची चाचणी

केंद्रांना जोडणारी मोजपट्टी आली ती मिनेसोटातूनच. स्टॅन्ली डीनो आणि फिलिस मर्किन यांना शिक्षकाच्या हातात देता येईल असं काहीतरी हवं होतं: स्वस्त, पटकन होणारं, दर आठवड्याला पुन्हा घेता येणारं. बऱ्याच गोष्टी करून पाहिल्यावर टिकलं ते अगदी साधं निघालं. मुलाला त्याच्या इयत्तेचा उतारा मोठ्याने वाचायला द्यायचा आणि एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. थर्मामीटर ताप का आला ते सांगत नाही, पण ताप आहे की नाही आणि औषधाने उतरतोय का हे सांगतो. ही चाचणी तशीच.

करायची पद्धत अशी. एकाच पातळीचे, मुलाने आधी न पाहिलेले तीन उतारे घ्यायचे. शिक्षकाच्या प्रतीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथवरच्या शब्दांची बेरीज छापलेली असते, म्हणजे मोजत बसावं लागत नाही. मुलाला सांगायचं, ‘नीट वाच.’ ‘भराभर वाच’ असं कधीच म्हणायचं नाही. पहिला शब्द उच्चारला की घड्याळ सुरू. चुकीचा वाचलेला, गाळलेला किंवा दुसराच घातलेला शब्द म्हणजे चूक. एखाद्या शब्दावर मूल ३ सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि चूक धरायची. ३ सेकंदांच्या आत स्वतःहून सुधारलं तर बरोबर. एकच शब्द दोनदा वाचला तर चूक नाही. घरच्या बोलीतला उच्चारही चूक नाही. मिनिट झालं की रेघ मारायची आणि एकूण शब्दांतून चुका वजा करायच्या.

तीन उताऱ्यांवर ३८, २९ आणि ३४ आले, तर सरासरी काढायची नाही, मधला आकडा घ्यायचा: ३४. एखाद्या उताऱ्यात मुलाच्या आवडीचा विषय निघाला किंवा मध्येच शाळेची घंटा वाजली, तर सरासरी वाकडी होते. मधला आकडा जागचा हलत नाही.

हा ३४ आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. ओरेगॉन विद्यापीठातर्फे २०१७ साली हॅसब्रुक आणि टिंडल यांनी जी तुलनात्मक सारणी प्रसिद्ध केली, तिच्यात अमेरिकेतल्या दुसरीच्या मुलांचा मधला आकडा वर्षाच्या सुरुवातीला मिनिटाला ५०, वर्षअखेर १०० आहे. म्हणजे ३४ वाचणारं मूल दुसरीतलं असेल तर ते मागे आहे. आता आलेखाचा कागद घ्यायचा. आजचा बिंदू ३४. दुसरीच्या मुलासाठी आठवड्याला दीड शब्दाची वाढ रास्त मानली जाते. २० आठवड्यांत ३० शब्द, म्हणजे लक्ष्य ६४. दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ ओढायची. दर आठवड्याला एक नवा उतारा, एक नवा बिंदू. सहाएक आठवड्यांनी शेवटचे चार बिंदू बघायचे. चारही रेघेच्या खाली असतील तर शिकवण्यात बदल करायचा. चारही वर असतील तर लक्ष्य वाढवायचं. खाली-वर असतील तर आहे तेच चालू ठेवायचं.

या नियमाचं मोल असं की तो शिक्षकाला लवकर हलवतो. वर्षअखेरच्या परीक्षेत ‘नापास’ कळेपर्यंत थांबण्याला अमेरिकेतले अभ्यासक ‘नापास होईपर्यंत वाट पाहणं’ म्हणत. इथे दीड-दोन महिन्यांत कळतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उताऱ्यांमुळे. या आठवड्याचा उतारा मागच्यापेक्षा सोपा निघाला तर मूल सुधारल्यासारखं दिसतं, पुढच्या आठवड्यात बिंदू धाडकन खाली येतो आणि शिक्षकाचा चाचणीवरचा विश्वासच उडतो. दुसरी चूक अशी की शिक्षक मोजायचीच गोष्ट शिकवू लागतात. तेच उतारे घरी पाठवतात, स्टॉपवॉच लावून पळवतात. थर्मामीटर गरम पाण्यात बुडवल्यासारखंच ते. आकडा चढतो, वाचन तिथल्या तिथे राहतं. म्हणून वाचून झाल्यावर ‘आता यात काय झालं ते सांग’ हे विचारलंच पाहिजे.

तुकडे जोडले कसे गेले

सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे करारावर सह्या करणारे कुलगुरू येतात. इथे खरा पूल बांधला तो विद्यार्थ्यांनी. मिनेसोटात ही पद्धत शिकलेली माणसं पीएचडी करून इतर विद्यापीठांत गेली आणि मोजपट्टी सोबत घेऊन गेली. जेराल्ड टिंडल आणि मार्क शिन ओरेगॉनला गेले. तिथेच रोलंड गुड आणि रूथ कॅमिन्स्की यांनी त्याच विचारावर अजून वाचू न लागलेल्या लहान मुलांसाठी छोट्या चाचण्या रचल्या: शब्दातला पहिला ध्वनी सांगणं, अर्थहीन शब्द जोडून वाचणं. लिन आणि डग्लस फुक्स नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आले.

फुक्स दांपत्याने मोजण्याला शिकवणं जोडलं. त्यांची जोडीने शिकण्याची पद्धत कुठल्याही वर्गात बसेल अशी आहे. वर्गातल्या मुलांची वाचनाप्रमाणे उतरत्या क्रमाने यादी करायची आणि मधोमध दुमडायची. वरच्या अर्ध्यातला पहिला आणि खालच्या अर्ध्यातला पहिला अशी जोडी, दुसऱ्याबरोबर दुसरा, असं शेवटपर्यंत. सगळ्यात हुशार मुलाबरोबर सगळ्यात कच्चं मूल बसवायचं नाही. त्यात एक कंटाळतो आणि दुसरा दबतो. आधी बरा वाचणारा ५ मिनिटं वाचतो, मग तोच मजकूर दुसरा ५ मिनिटं वाचतो, म्हणजे कच्च्या मुलाने तो एकदा ऐकलेला असतो. नंतर गोष्ट आठवून सांगणं, प्रत्येक परिच्छेदाची मुख्य गोष्ट १० शब्दांच्या आत सांगणं, आणि पुढे काय होईल याचा अंदाज. आठवड्यातून तीनदा, साधारण ३५ मिनिटं. दहा शब्दांची अट गमतीची वाटते, पण तिच्यामुळेच मूल परिच्छेद जसाच्या तसा परत म्हणून दाखवू शकत नाही.

२००१ मध्ये व्हँडरबिल्ट आणि कॅन्सस यांनी मिळून अध्ययन अक्षमतेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र चालवायला घेतलं. प्रश्न एकच होता: तफावतीच्या कसोटीऐवजी काय? उत्तराचा गाभा असा की आधी चांगलं शिकवा, दर आठवड्याला मोजा, आणि चांगल्या शिकवण्यालाही जे मूल प्रतिसाद देत नाही त्याची खोलात तपासणी करा. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने राज्यांना तफावतीची सक्ती करायला मनाई केली आणि या ‘प्रतिसाद पाहून ठरवण्या’च्या पद्धतीला वाट करून दिली.

शाळेत ती तीन थरांनी चालते. पहिल्या थरात सगळ्या वर्गाला नीट शिकवणं, आणि वर्षातून तीनदा सर्वांची एक मिनिटाची चाचणी. दुसऱ्यात मागे असलेल्यांना तीन ते पाचच्या गटात, रोजच्या तासाशिवाय जास्तीचा वेळ. तिसऱ्यात एकेकटं किंवा दोघं-तिघं, आणि त्या मुलापुरता बेतलेला पाठ. ८०, १५ आणि ५ टक्के अशी विभागणी सर्रास सांगितली जाते, पण तो अंदाज आहे, नियम नव्हे. जिथे पहिल्या थरातलं शिकवणंच ढिसाळ आहे तिथे निम्मा वर्ग दुसऱ्या थरात येतो. अशा वेळी गट वाढवायचे नसतात, पहिला थर दुरुस्त करायचा असतो.

एकट्या केंद्राला का जमत नाही

इथे थोडं गणित करावं लागेल. समजा शाळेत तिसरीची ६० मुलं आहेत. त्यांतली ५ टक्के तिसऱ्या थरातली, म्हणजे ३. शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायला प्रत्येक गटात १०० मुलं हवीत असं धरलं, तर २०० मुलांसाठी ६७ शाळा लागतात. एका विद्यापीठाच्या आसपास एवढ्या शाळा, एवढे प्रशिक्षित चाचणी घेणारे आणि एवढे शिकवणारे क्वचितच मिळतात. जितकं मूल जास्त मागे, तितकी तशी मुलं विरळ, आणि तितकी एकत्र येण्याची गरज जास्त.

ह्यूस्टन आणि ऑस्टिन इथल्या विद्यापीठांनी टेक्सासमध्ये मिळून केलेलं काम याचं चांगलं उदाहरण आहे. जॅक फ्लेचर आणि शॅरन व्हॉन यांच्या गटांनी सहावीतल्या कच्च्या वाचकांना वर्षभर रोज सुमारे ५० मिनिटं, १० ते १५ मुलांच्या गटात शिकवलं. फायदा झाला, पण थोडाच. पुढे जी मुलं तरीही मागे राहिली त्यांना दोन ते चारच्या गटांत आणखी नेमकं शिकवून पाहिलं. मोठ्या मुलांची वाचनातली तूट एका वर्षात भरत नाही, हे सांगायला दोन विद्यापीठं आणि कित्येक वर्षं लागली. अनुदान देणाऱ्यांना असला निकाल आवडत नाही, पण शाळेच्या मुख्याध्यापकाला तो माहीत असणं फार उपयोगाचं आहे.

अशा जोडकामात करारापेक्षा बारीक गोष्टी महत्त्वाच्या. सर्व ठिकाणी तेच उतारे, तेच नियम, तोच ३ सेकंदांचा हिशोब. चाचणी घेणाऱ्याला कोणतं मूल कोणत्या गटातलं आहे हे सांगायचं नाही. शिकवण्याचे काही तास रेकॉर्ड करून पाठातली पावलं खरंच झाली का ते यादीवरून तपासायचं. आणि एकच रेकॉर्डिंग दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासून शब्दाशब्दाचा मेळ घालायचा: ५० शब्दांत ६ ठिकाणी मतभेद असेल तर मेळ ८८ टक्के. ९० च्या खाली गेला की दोघांनाही पुन्हा बसवायचं. हे कंटाळवाणं काम ज्या केंद्रांनी टाळलं, त्यांची माहिती शेवटी एकत्र करता येत नाही. मग एकत्र येतं ते फक्त अहवालाचं मुखपृष्ठ.

जिथे फसलं

नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने या तीन थरांच्या पद्धतीचं मोठं मूल्यमापन प्रसिद्ध केलं: १३ राज्यांतल्या १४६ शाळा. त्यांनी चाचणीतल्या सीमारेषेच्या किंचित खाली आणि किंचित वर असलेल्या मुलांची तुलना केली, कारण ही मुलं जवळजवळ सारखीच, फरक एवढाच की खालच्यांना जादा मदत मिळाली. निकाल धक्कादायक होता. दुसरी-तिसरीत लक्षणीय फायदा नाही, आणि पहिलीत मदत मिळालेली मुलं उलट मागे.

यावरून ‘पद्धत खोटी’ असा निष्कर्ष काढणारे घाई करतात असं आमचं मत आहे. सीमारेषेजवळची मुलं म्हणजे सगळ्यात कच्ची मुलं नव्हेत. त्यांच्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. पण शाळांमध्ये काय दिसलं ते गंभीर आहे. अनेक शाळांत जादा मदत रोजच्या वाचनाच्या तासातच दिली जात होती. मूल छोट्या गटात गेलं तेवढा वेळ मुख्य वर्गातला पाठ चुकला. जादा तास हा जादा राहिलाच नाही, अदलाबदल झाली. शिवाय एकाच चाचणीतल्या एका आकड्यावरून गट ठरले, की काही मुलं चुकून आत येतात.

आपल्याकडच्या उपचारात्मक वर्गांचं वेळापत्रक एकदा याच नजरेने पाहावं. ‘अप्रगत’ मुलांना कोणत्या तासातून उठवलं जातं?

यातून तिसऱ्या थरासाठी एक शिस्त पक्की होत गेली आहे. आधी सिद्ध झालेला पाठ जसा आहे तसा शिकवायचा. दर आठवड्याला मोजायचं. चार बिंदू खाली गेले तर निदान करायचं: मूल कोणती अक्षरं चुकवतं, मात्रा चुकवतं की शब्दाचा शेवट गिळतं. मग बदल करायचा, पण एका वेळी एक किंवा दोनच. वेळ वाढवा, नाहीतर गट छोटा करा, नाहीतर पाठ त्या चुकीवर नेमका आणा. सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या मुलासाठी हाती काही उरत नाही. फुक्स यांनी मदतीची तीव्रता तपासायचे जे सात मुद्दे २०१७ मध्ये मांडले, त्यांत वेळ आणि गट हा एक मुद्दा आहे. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे तो शिकलेलं दुसरीकडे नेता येतं का, हा. कॅन्ससच्या आठव्या टप्प्याची इथे आठवण होते.

मराठीत आणायचं तर

यातलं मराठीत उचलून आणता येईल ते पद्धत, आकडे नव्हेत. इंग्रजीत जिथे तीन-चार शब्द लागतात तिथे मराठी एका शब्दात काम करते: ‘झाडावरून’, ‘घरासमोरच्यांनी’. त्यामुळे मिनिटाला ६० इंग्रजी शब्द आणि ६० मराठी शब्द ही एकच गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द हे उद्दिष्ट दिलेलं आहे. २०२२ मध्ये एनसीईआरटीने केलेल्या पायाभूत अध्ययनाच्या सर्वेक्षणात मात्र वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळे टप्पे ठरवले गेले, आणि ते योग्यच झालं.

दुसरा फरक लिपीचा. इंग्रजी मूल २६ अक्षरं शिकून मग त्यांच्या लहरी उच्चारांशी झगडतं. मराठी मुलासमोर चौतीसएक व्यंजनं आणि बाराखडी धरली तरी चारशेच्या वर रूपं येतात, जोडाक्षरं वेगळीच. उच्चार भरवशाचे, पण चिन्हांचा पसारा मोठा. कन्नडवर सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवलं की अक्षरांची पूर्ण ओळख व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. म्हणून आपल्याकडे ‘अक्षरओळख झाली’ असा शेरा दुसरीत मारणं धाडसाचं. निदानासाठी चुकांचे चार खण केले तर पुष्कळ उलगडा होतो: मूळ अक्षर, मात्रा-वेलांटी-उकार, जोडाक्षर, विभक्तीचा शेवट. ‘विहिरीवर’ला ‘विहीर’ वाचणारं मूल आणि ‘वहिवर’ वाचणारं मूल यांना एकच पाठ लागू पडणार नाही.

पायाभूत काम झालेलंच नाही असं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेच्या, चाचण्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केल्या. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये, अझीम प्रेमजी विद्यापीठ, टाटा ट्रस्ट्स आणि क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांच्या भागीदारीत मुलांच्या साक्षरतेचा काही वर्षं माग काढला गेला. मुंबईतल्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ म्हणून नेमलेली स्थानिक तरुणी कच्च्या मुलांना दिवसातले दोनएक तास वेगळं शिकवायची, त्याचा अभ्यास अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला केला. उणीव आहे ती या सगळ्यांच्या मधली मोजपट्टी: दर आठवड्याला वापरता येतील असे, एकमेकांशी तोललेले मराठी उतारे.

एका इयत्तेला किती लागतील? वर्षातून तीनदा तीन-तीन म्हणजे ९, आणि आठवड्याच्या मोजणीसाठी २०. काही बाद होणार, म्हणून ४० लिहावेत. उतारे शिक्षकांनीच लिहावेत, कारण मुलांच्या तोंडचे शब्द त्यांना माहीत. शब्दांची अक्षरांत लांबी, जोडाक्षरांचं प्रमाण, विभक्तीचे थर ही मोजणी विद्यापीठाच्या भाषाविज्ञान विभागाने करावी. तीस-चाळीस मुलांकडून सगळे उतारे क्रम बदलत वाचून घेऊन जो उतारा सर्वांनाच जड किंवा सर्वांनाच हलका जातो तो संख्याशास्त्र विभागाने काढून टाकावा. ही मुलं निदान चार ठिकाणची हवीत: घरी प्रमाण मराठी, वऱ्हाडी, अहिराणी, आणि जिथे घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलली जाते तिथली. शेवटच्या गटातल्या मुलाचे मिनिटाला २७ शब्द म्हणजे वाचनाची अडचण की भाषेची, हे वेगळं करता आलं नाही तर सारा खटाटोप चुकीच्या मुलाला चुकीची चिठ्ठी चिकटवेल. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर चूक धरायची नाही, ‘आहे’ला ‘हाय’ म्हटलं तर काय, हे पहिल्या मुलाची चाचणी घेण्याआधी सर्व केंद्रांनी लिहून ठरवावं. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आणि केंद्रप्रमुखांच्या मासिक शिक्षण परिषदेत मोजणीचा सराव दोन तासांत होतो. रेकॉर्डिंग ऐकून दहा मुलं मोजली की हात बसतो.

आणि वर्षातून तीनदा वापरायचे ९ उतारे कपाटात कुलपात ठेवावेत. ते एकदा गाइडात छापले गेले की नवे लिहायला बसावं लागेल.